आधी हीटर बंद, मगच मिथेनॉल

फेब्रुवारी उजाडला की इंजिनीअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमागे एक ठरलेला सीन दिसतो. अँगलचा स्टँड, त्यावर भंगारातून आणलेली गीझरची टाकी, खाली छोटा पंप, दोन-तीन बॉल व्हॉल्व्ह, आणि शेजारी कॅनमध्ये कँटीनवाल्याकडून मागून आणलेलं, वडे-भजी तळून काळं पडलेलं तेल. चौघांचा ग्रुप, एक गाइड आणि डोक्यावर सबमिशनची तारीख. प्रोजेक्टचं नाव 'वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल'. मेकॅनिकल आणि केमिकलवाल्यांचा हा जुना, लाडका विषय. तुमच्या ग्रुपनं हाच घेतला असेल किंवा पुढच्या वर्षी घ्यायचा विचार असेल, तर पुढची दहा मिनिटं इथं द्या.

आधी एक काम करा. लायब्ररीत जाऊन याच विषयावरचे जुने रिपोर्ट काढा आणि त्यात हीटर शोधा. उतारा किती मिळाला, घनता किती, इंजिनच्या धुरात काय फरक पडला, यावर पानंच्या पानं सापडतील. हीटरबद्दल बहुधा एकच वाक्य असेल : 'तेल ६० अंशांपर्यंत गरम केले.' कशानं गरम केलं, आणि मुख्य म्हणजे ते ६० वर थांबलं कसं, याबद्दल चकार शब्द नसेल. मी मास कॉमवाली. फिजिक्सला बारावीनंतर जो रामराम केला तो केलाच. पण 'थांबलं कसं?' हा प्रश्न विचारायला फिजिक्स लागत नाही. उत्तर समजून घ्यायला मात्र थोडंसं लागतं, आणि ते बारावीचंच आहे.

या विषयाला सध्या चांगले दिवस आहेत. वनस्पती तेलावर इंजिन चालवणं नवीन नाही, १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालणारं डिझेल इंजिन लोकांनी पाहिलं होतं. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलाला मर्यादा घातली. तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल पुन्हा कढईत जाता कामा नये. त्याच वर्षी १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवणारी 'रुको' योजना आली. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून झालेला हा शब्द हिंदीत 'थांबा' असा वाचला जातो. आपला सगळा लेख थांबण्याबद्दलच आहे, म्हणून सांगितलं.

५५ आणि ६५

रसायनशास्त्र दोन ओळींत. तेलाचा रेणू म्हणजे एका ग्लिसरीनला लटकलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन शेपट्या. मिथेनॉल आणि थोडं कॉस्टिक मिळून त्या शेपट्या सोडवतात. शेपट्यांना मिथेनॉल चिकटलं की ते बायोडिझेल, आणि उरलेलं ग्लिसरीन तळाशी बसतं. चाळीस लिटर तेलाला साधारण आठ लिटर मिथेनॉल लागतं. हे सगळं ५० ते ६० अंशांच्या दरम्यान नीट आणि दीड-दोन तासांत होतं, म्हणून जो तो ५५ हा आकडा सांगतो.

दुसरा आकडा ६५. मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळतं.

म्हणजे तुम्हाला हवं असलेलं तापमान आणि भांड्यातला सगळ्यात धोकादायक पदार्थ उकळायला लागण्याचं तापमान, यात जेमतेम दहा अंशांचं अंतर आहे. आंघोळीचं पाणी 'कडक' आणि 'फारच कडक' यात असतं तेवढं.

या दहा अंशांच्या दोन बाजू सारख्या नाहीत, आणि माझ्या मते रिपोर्टमधला सगळ्यात मोठा धडा हा असायला हवा. तापमान खाली घसरलं, ५५ चं ४८ झालं, तर काय होतं? रिॲक्शन थोडी हळू होते. अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, बस्स. तापमान वर गेलं, ५५ चं ६५ झालं, तर मिथेनॉलची वाफ टाकीच्या प्रत्येक फटीतून बाहेर यायला लागते. खाली गेलं तर वेळ जातो. वर गेलं तर वर्कशॉप जाऊ शकतं, माणसं जाऊ शकतात. हे ज्याला पटलं, तो हीटरची सगळी जुळणी एकाच दिशेनं झुकती ठेवतो : काहीही बिघडलं तरी भांडं गारच व्हायला हवं.

मिथेनॉलबद्दल आणखी थोडं. ते उकळायचीसुद्धा गरज नसते. सुमारे ११ अंशांलाच, म्हणजे नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे असतं तेवढ्या तापमानालाही, त्याच्या पृष्ठभागावर ठिणगीनं पेटण्याइतकी वाफ असते. हवेत वाफ ६ टक्के असो की ३६ टक्के, ती पेट घेते. पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या पट्ट्यात पेटते, त्याच्या तुलनेत हा पट्टा केवढा रुंद आहे बघा. आणि मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळपास दिसतच नाही. आग लागली आहे हे चटका बसल्यावरच कळतं. २०१४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बीकन हायस्कूलमध्ये ज्वालांचे रंग दाखवायचा साधा वर्गातला प्रयोग सुरू होता, त्यात मिथेनॉलनं पेट घेतला आणि विद्यार्थी होरपळले. तिथं ना हीटर होता, ना चाळीस लिटरची टाकी.

पोटात गेलं तर काय होतं, ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त बळी घेतले, त्या दारूतलं विष मिथेनॉलच होतं. त्याची वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतूनही शरीरात जातो. त्यामुळे ते कुठून तरी 'मॅनेज' करायची वस्तू नाही. ते केमिस्ट्री विभागाच्या नावानं, रीतसर नोंद करून, लागेल तेवढंच आणायचं.

रॉडवाल्यांनो, इकडे लक्ष द्या

हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला पाणी तापवायचा रॉड माहीत असतो. रेक्टर आले की तो गादीखाली जातो, तो भाग सोडा. बादलीत रॉड टाकून तुम्ही मेसला निघून गेलात तर काय होतं? पाणी उकळतं आणि १०० अंशांवर अडून बसतं. वाफ होत राहते, पण पाणी काही १०१ ला जात नाही. पाणी स्वतःच एक प्रकारचा थर्मोस्टॅट आहे. बादली पूर्ण आटेपर्यंत ते तुम्हाला सांभाळून घेतं.

तेल कुणाला सांभाळून घेत नाही. शंभर आले आणि गेले, ते दीडशेला जातं, दोनशेला जातं, मग धूर, मग पुढचं. कढईतलं तेल गॅसवर विसरलेल्या कुणालाही हे विचारा.

वर तेल तापतंही भराभर. एक लिटर पाणी जेवढ्या उष्णतेनं एक अंश चढतं, तेवढ्यात एक लिटर तेल दोन अंशांहून जास्त चढतं. आपल्या चाळीस लिटरचा हिशेब करू. तेलाची घनता ०.९१ धरली तर वजन साडेछत्तीस किलो. विशिष्ट उष्मा किलोमागे २ किलोज्यूल धरला, तर एक अंश चढवायला ७३ किलोज्यूल लागतात. घरातला साधा रॉड १५०० वॉटचा, म्हणजे सेकंदाला दीड किलोज्यूल देणारा. २५ अंशांपासून ५५ पर्यंत यायला त्याला सुमारे पंचवीस मिनिटं लागतील. आणि ५५ पासून ६५ पर्यंत? आठ मिनिटं.

आठ मिनिटांत कँटीनला जाऊन कटिंग संपवून परत येणं होत नाही. 'जरा लक्ष ठेव रे' या पद्धतीवर चालणाऱ्या तापमान-नियंत्रणाचं आयुष्य एवढंच.

६५ झाल्यावर आत मिथेनॉल असेल तर गंमत अशी, की काटा काही काळ तिथंच रेंगाळेल आणि बघणाऱ्याला वाटेल, चला, थांबलं एकदाचं. थांबलेलं काही नसतं. आता हीटरची सगळी ताकद मिथेनॉलची वाफ करण्यात जात असते. दीड किलोवॉटमध्ये तासाला पाचेक लिटर मिथेनॉल वाफ करून उडवण्याइतका दम आहे. तुमचा प्रोसेसर तेव्हा भट्टी झालेला असतो, गावाबाहेर लावतात ना, त्या अर्थानं.

गीझरची टाकी आणि तिची सवय

गीझरच्या टाकीचा प्रोसेसर करायची आयडिया आपल्या भंगार बाजारातली नाही. अमेरिकेत २००० च्या दशकात घरी बायोडिझेल करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये 'ॲपलसीड' नावाची रचना खूप चालली, मारिया अलोव्हर्ट यांनी ती लोकांपर्यंत नेली. जुना इलेक्ट्रिक वॉटर हीटर, एक पंप, प्लंबिंगचे पाइप. आयडिया चांगली आहे, कारण टाकी बंद असते, वरून फोमचं वेष्टण असतं आणि हीटर आतच बसवलेला असतो. उघड्या पिंपापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

पण गीझर ज्या कामासाठी बनला ते काम वेगळं आहे, आणि इथं बरेच जण फसतात. गीझरमधून गरम पाणी वरून बाहेर पडतं. खालून गार पाणी आत आलं तरच वरचं गरम पाणी नळाला येतं. त्यामुळे रोजच्या वापरात गीझरची टाकी कधी रिकामी होतच नाही, एलिमेंट कायम पाण्यात बुडालेलं. प्रोसेसरमध्ये तुम्ही काय करता? दर बॅचला टाकी तळातून रिकामी करता. म्हणजे जे गीझरच्या आयुष्यात सहसा घडत नाही, ते तुमच्याकडे दर आठवड्याला घडतं. एलिमेंट उघडं पडतं. त्या क्षणी कुणी बटण दाबलं तर ते काही मिनिटांत लालभडक होतं, आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत मागच्या बॅचची मिथेनॉलची वाफ हवेत मिसळून बसलेली असते. वाफ, हवा, लाल तार. तिन्ही गोष्टी एकाच बंद डब्यात.

यावर इलाज फ्लोट स्विचचा. एलिमेंटच्या बऱ्याच वर, तेलाची किमान पातळी जिथं हवी तिथं तो बसवायचा आणि त्याचा संपर्क हीटरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये जोडायचा. तेल त्या पातळीच्या खाली गेलं की कॉइलची वीज तुटते आणि हीटर बंद. मग बटण कुणीही दाबो. स्विच तेलात आणि मिथेनॉलमध्ये टिकणारा, स्टीलचा घ्या. पाण्याच्या टाकीचा प्लास्टिकचा फ्लोट इथं चालणार नाही.

काही ग्रुप 'पंप चालू असेल तरच हीटर चालू' अशी जोडणी करतात. चांगली आहे, करा. पण तेवढ्यावर विसंबू नका. पंप फिरतोय म्हणजे तेल वाहतंयच असं नाही. मधला व्हॉल्व्ह बंद राहिला असेल तर पंप नुसताच गुरगुरत बसतो आणि हीटरला वाटतं, सगळं आलबेल आहे.

एलिमेंटबद्दल आणखी एक. पाण्यासाठी बनलेला रॉड तेलात घातला की त्याचं कवच पाण्यात तापतं त्यापेक्षा खूप जास्त तापतं, कारण तेल उष्णता तेवढ्या झपाट्यानं ओढून नेत नाही. थर्मामीटर ५० दाखवत असतो आणि रॉडला चिकटलेला तेलाचा थर करपत असतो. बॅच काढल्यावर रॉडवर काळी खरपुडी दिसली तर समजा, हेच झालं. अमेरिकेतले हौशी लोक यावर सुरेख युक्ती करतात : २४० व्होल्टचं ४५०० वॉटचं एलिमेंट ते १२० व्होल्टवर चालवतात. व्होल्टेज निम्मं झालं की वॉटेज पाव होतं, म्हणजे ११२५. एलिमेंट तेवढंच मोठं, पण आच मंद. आपल्याकडे घरात १२० व्होल्ट नाहीत, पण ओहमचा नियम आहे. १५०० वॉटचे दोन सारखे एलिमेंट सिरीजमध्ये जोडले की प्रत्येकाला निम्मं व्होल्टेज मिळतं आणि दोघं मिळून ७५० वॉट देतात. तेल तापायला पंचवीसच्या जागी पन्नासेक मिनिटं लागतील. लागू देत. ५५ पासून ६५ पर्यंतची ती आठ मिनिटंही सोळा होतात, हे जास्त महत्त्वाचं. जोडणी मात्र कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आच मंद झाली तरी वायरमध्ये २३० व्होल्टच आहेत.

थर्मोस्टॅट बिघडणारच, असं धरून चाला

आता प्रत्यक्ष नियंत्रण. दोन रस्ते आहेत. एक, गीझरमध्ये असतो तसा साधा थर्मोस्टॅट. स्वस्त आणि दणकट, पण त्याचा बंद आणि चालू व्हायचा बिंदू यात बरेच अंश जातात. दुसरा, डिजिटल पीआयडी कंट्रोलर, सोबत थर्मोकपल किंवा पीटी-१०० सेन्सर आणि हीटर चालू-बंद करायला एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले. लाल आकडे चमकतात, एक्स्टर्नलवर छाप पडते. प्रोजेक्ट म्हणून मला दुसरा जास्त आवडतो, पण त्याचे दोन दोष माहीत असलेच पाहिजेत.

पहिला दोष : एसएसआर जळतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जळतो. घरातला बल्ब जळला की दिवा बंद होतो, फ्यूज उडाला की वीज बंद होते. आपल्याला सवय अशी की बिघडलं म्हणजे बंद पडलं. एसएसआर उलटा आहे. तो बिघडला की हीटर कायमचा चालू राहतो. कंट्रोलर बिचारा 'बंद, बंद' म्हणून ओरडत असतो, स्क्रीनवर आउटपुट शून्य दिसतं आणि आकडा चढत जातो. हीट सिंक न लावता एसएसआर थेट प्लायवूडवर स्क्रूनं बसवणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो.

दुसरा दोष सेन्सरचा. सेन्सरची वायर तुटली तर बहुतेक कंट्रोलर ते ओळखतात आणि हीटर बंद करतात. पण सेन्सर शाबूत राहून नुसता पॉकेटमधून निसटून बाहेर लोंबकळला तर? तो इमानदारीत वर्कशॉपच्या हवेचं तापमान सांगतो, ३० अंश. कंट्रोलरला वाटतं, तेल अजून गारच आहे, आणि तो पूर्ण जोर लावतो. यात चूक कुणाची नाही, सगळे उपकरणं आपापलं काम नीट करत असतात. म्हणून सेन्सर चिकटपट्टीनं लावायचा नाही. टाकीत स्टीलचं पॉकेट वेल्ड करून घ्यायचं आणि सेन्सर ग्लँड आवळून बसवायचा. शिवाय तापवताना पंप चालू हवा. नाहीतर वर ७० आणि खाली ४५ असे थर लागतात आणि सेन्सर त्यातला एकच आकडा सांगतो.

या दोन्ही दोषांवर औषध एकच : दुसरा, पूर्णपणे वेगळा पहारेकरी. गीझरमध्ये तो असतोच. थर्मोस्टॅटखेरीज एक थर्मल कटआउट असतो, जो एकदा उडाला की हातानं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. तुम्हालाही तसाच हवा. त्याचा सेन्सर वेगळा, त्याची वायरिंग वेगळी, आणि तो एसएसआरला नाही तर त्याच्या आधी बसवलेल्या कॉन्टॅक्टरला तोडणारा. कंट्रोलर ५८ वर लावला असेल तर हा ६५ च्या आत लावा. त्याच कंट्रोलरमधलं 'अलार्म टू' वापरून काम भागवायचा मोह होईल, खर्च वाचतो. पण एकाच सेन्सरवर जगणारे दोन पहारेकरी म्हणजे एकच पहारेकरी.

आणि शंभर-दोनशे रुपये बाजूला काढून एक काट्याचा, डायलचा थर्मामीटर लावाच. त्याला वीज लागत नाही, सेटिंग लागत नाही. डिजिटल आकडा आणि काटा यांचं जमत नसेल तर त्या दिवशी बॅच नाही.

प्लग कुणाच्या हातात?

आतापर्यंतचं सगळं खरं तर दुसरी फळी आहे. पहिली फळी साधी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही : मिथेनॉल टाकीत जाण्याआधी हीटर बंद करायचा. स्विच नाही, प्लगच काढायचा.

'मग तापमान कसं टिकणार?' हा प्रश्न एक्स्टर्नलही विचारतील. करा हिशेब. तेल ५८ अंशांवर आहे, त्याला एक अंश चढवायला ७३ किलोज्यूल लागतात. आठ लिटर मिथेनॉल २५ अंशांवर आहे, त्याला अंशामागे सुमारे १६ किलोज्यूल. दोन्ही मिसळले की तापमान येतं ५२ च्या आसपास. कॉस्टिक विरघळताना मिथेनॉल स्वतःच थोडं तापतं, म्हणून प्रत्यक्षात किंचित जास्तच. म्हणजे आपण अलगद हव्या त्या पट्ट्यात येऊन बसतो. टाकीला फोम असेल किंवा वरून ग्लासवूलचं जाड वेष्टण असेल तर पंप फिरवत दीड-दोन तासांत काही अंशच उतरतात. उतरले तर काय होतं, ते वर पाहिलंच : वेळ जातो.

हीटरची गरज फक्त तेल गरम करायला होती. तेव्हा टाकीत नुसतं तेल होतं, तेही तीनशे अंशांच्या आसपास पेट घेणारं, तुलनेनं शांत गृहस्थ. मिथेनॉल आल्यावर हीटरचं आत काही काम नाही. मग नियंत्रणाचे निम्मे प्रश्न आपोआप निकालात निघतात. रिॲक्शन संपल्यावर उरलेलं मिथेनॉल परत मिळवण्यासाठी मुद्दाम तापवायचं असेल, तर ते कंडेन्सरसकट, केमिकलच्या लॅबमध्ये, सरांसमोर. वर्कशॉपमागे नाही.

तेल वाळवण्याचं काम मात्र आधी, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या दिवशी करा. तळणीच्या तेलात पाणी असतं आणि पाणी राहिलं की बायोडिझेलऐवजी साबण होतो. पाणी घालवायला तेल शंभरच्या वर न्यावं लागतं, आणि तळाशी साचलेलं पाणी एकदम वाफ झालं की फोडणीत पडलेल्या ओल्या कढीपत्त्यासारखं तेल उसळतं, फक्त पळीभर नाही, बादलीभर. त्यामुळे आधी दोन दिवस तेल निवळू द्या, खालचं पाणी काढून टाका आणि मगच सावकाश तापवा. त्या दिवशी मिथेनॉलचा कॅन त्या आवारातसुद्धा नको.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या चार गोष्टी. तेल ढवळायला हातातलं ड्रिल मशीन वापरू नका, त्याच्या कार्बन ब्रशमधून सतत ठिणग्या उडतात, डोळ्यांनी दिसतात. पंपाची मोटरही बिनब्रशची, इंडक्शनची हवी, आणि स्विचबोर्ड टाकीपासून दूर, भिंतीपलीकडे. मेसमधलं ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिकसाठी घ्यायचं नाही, त्यातून हायड्रोजन निघतो. टाकी कधीही गच्च बंद करायची नाही, वरून एक पाइप उघड्या हवेत, खिडकीपासून आणि माणसांपासून लांब काढायचा. अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी हवीच. आणि वाळूची बादली आहे म्हणून निश्चिंत राहू नका, ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर हाताशी ठेवा. तापलेल्या तेलावर पाणी मारायचं नसतं, हे तर आईनंही सांगितलं असेल.

आधी पाण्यावर परीक्षा

पहिली बॅच तेलाची नको, पाण्याची घ्या. टाकी भरा, कंट्रोलर ५८ वर लावा आणि दर पाच मिनिटांनी डिजिटल आकडा आणि डायलचा काटा वहीत लिहा. हीटर कितीला बंद झाला, बंद झाल्यावरही तापमान किती अंश चढलं, हे नोंदवा. एलिमेंटमध्ये साठलेली उष्णता नंतर बाहेर येते, म्हणून ते चढतंच. तेल याच्या दुपटीहून जास्त वेगानं चढेल, हे लक्षात ठेवून सेटिंग खाली आणा.

मग मुद्दाम खोड्या काढा. सेन्सर पॉकेटमधून बाहेर काढून ठेवा आणि बघा, कटआउट उडतो का, कितीला उडतो. पंप बंद करा, हीटर सुटतो का बघा. पाणी हळूहळू खाली सोडा, फ्लोट स्विच एलिमेंट उघडं पडण्याच्या आधी हीटर तोडतो का बघा. मेन स्विच बंद करून परत चालू करा. वीज गेली आणि आली, तर हीटर आपोआप सुरू व्हायला नको, कुणीतरी बटण दाबल्यावरच व्हायला हवा. आपल्याकडे लोडशेडिंगनं ही परीक्षा कधीही घेतली जाऊ शकते, म्हणून आधीच देऊन ठेवलेली बरी.

या चार खोड्यांचे आकडे आणि एक आलेख, असं वेगळं प्रकरण रिपोर्टमध्ये घाला. उतारा किती टक्के मिळाला हे जवळपास सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये असतं. सेन्सर निसटल्यावर अमुक मिनिटांत कटआउटनं हीटर तोडला, हे सहसा कुणाच्याच नसतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लिसरीन काढायला टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडाल तेव्हा पातळी उतरत जाईल आणि एलिमेंट उघडं पडेल. त्या वेळी हीटरचा प्लग बोर्डजवळ लोंबकळत नको. कॉर्ड सुटी होईल अशीच घ्या, गुंडाळा आणि गाइडच्या केबिनमधल्या टेबलावर नेऊन ठेवा. पुढच्या बॅचला ती मागायला जावं लागेल, सर विचारतील, 'फ्लोट स्विच चेक केला का?'